आम्ही आणि आपण

मराठी माणूस लेखणी हाती धरून स्वतःविषयी काही सांगू लागला, की तो बहुधा ‘आम्ही’ होतो. संपादक ‘आम्ही’ असतात, कीर्तनकार ‘आम्ही’ असतात, आणि घरचे वडीलधारेही रागावले म्हणजे ‘आम्ही’ होतात. ह्या बहुवचनात थोडा विनय असतो आणि बराचसा आडोसा असतो. आमच्या नोकरीची बारा वर्षे केंद्र सरकारच्या कचेरीत टिपणे लिहिण्यात गेली. तेथील पत्रांचा आरंभ ‘मला असे कळविण्याचा निदेश झाला आहे’ अशा अर्थाच्या वाक्याने होतो. त्या वाक्यात ‘मी’ आहे खरा, पण निदेश दुसऱ्याचा असतो, निर्णय तिसऱ्याचा असतो, आणि सही करणारा केवळ सहीपुरता धनी असतो. वाचकांपैकी बहुतेक जण ह्याच व्यवसायातले असल्याने अधिक सांगावयास नको.

सर्वनामांविषयी इतके सूक्ष्म विचार करण्याची सवय आम्हांस पूर्वी नव्हती. ती कुंभकोणमला बदली झाल्यावर लागली. तमिळ शिकवावयास येणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी पहिल्याच आठवड्यात सांगितले, की त्यांच्या भाषेत इंग्रजी ‘वी’साठी दोन शब्द आहेत. ज्याच्याशी बोलतो त्याला धरून म्हणावयाचे तर ‘नाम्’, त्याला वगळून म्हणावयाचे तर ‘नांगळ्’. हिंदी जाणणाऱ्यांस हा भेद समजावून देता देता त्यांची दमछाक होत असे. आम्हांस तो क्षणात कळला, याचे त्यांना नवल वाटले. आमच्याकडे ‘आपण’ आणि ‘आम्ही’ आहेतच की! मराठीत हा भेद द्राविडी भाषांच्या शेजारामुळे आला असावा, असे काही भाषाशास्त्रज्ञ मानतात. परमुलखात आपल्या घरची एखादी वस्तू दिसावी तसा आनंद त्या दिवशी झाला. पुढे हाच भेद आमच्या घरात एका निराळ्या प्रसंगाने उभा राहिला, आणि त्याविषयीच लिहावयाचे आहे.

तत्पूर्वी आणखी एका शब्दाची गंमत सांगितली पाहिजे. आमच्या घरमालकीणबाईंना सारे ‘मामी’ म्हणतात, आम्हीही म्हणतो. बिऱ्हाड मांडून महिना झाला नसेल तोच मामींनी सौभाग्यवतीस विचारले, “विशेषम् उण्डा?” सौ.स वाटले, आपल्याकडे ‘काय विशेष?’ म्हणतात तसलाच हा प्रश्न. तिने हसून ‘विशेष काही नाही’ असे मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगितले. मामींचा चेहरा एकदम कोवळा झाला आणि त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरविला. इकडे ‘विशेषम्’ म्हणजे दिवस गेल्याची वार्ता, हे आम्हांस पुढे कळले. त्यानंतर गेली चार वर्षे दर दोन-तीन महिन्यांनी हा शब्द आमच्या दारात येतो, आणि सौ. तेच उत्तर देते. फक्त आता ती हसत नाही.

विशेष काही नाही, ह्याचे कारण मात्र विशेष आहे. २०१८ साली, आमच्या लग्नास पुरती दोन वर्षेही झाली नव्हती तेव्हा, पुण्यास असताना तिला मोठ्या आतड्याचा विकार जडला. वैद्यकात त्यास अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. आतड्याच्या आतल्या अस्तरावर व्रण पडतात, रक्त जाते, दिवसातून पंधरा-वीस वेळा उठावे लागते. औषधांनी तो काही काळ मानला, मग मानेना. शेवटी आतडे फुगून फुटण्याच्या बेतास आले आणि एका रात्री ते सबंध काढून टाकावे लागले. माणसाचे मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. ते नसताना माणूस जगू शकतो, हे आम्हांस त्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हते. लहान आतड्याचे टोक पोटावर काढून त्यास पिशवी लावली गेली. सुमारे वर्षभराने दुसरी शस्त्रक्रिया झाली. गुदाशय काढून लहान आतड्याचा शेवटचा भाग दुमडला, त्याची आतल्या आत एक थैली शिवली आणि ती खाली जोडली. आणखी तीन महिन्यांनी तिसरी, छोटी शस्त्रक्रिया होऊन पोटावरचे तोंड बंद झाले.

आज ती हिंडते फिरते, घरी शिकवण्या घेते, रथोत्सवाच्या गर्दीत उभी राहते. दिवसातून पाच-सहा वेळा जावे लागते, तंजावरच्या वाटेवर सोय कोठे आहे हे तिला पाठ आहे, आणि ताकात मीठ घालून ती वाटेत पीत असते. ज्वारीची भाकरी तिला आता सोसत नाही. उलट तमिळांचा दहीभात असा मानवला, की आम्ही थट्टेने म्हणतो, तुझी बदली सरकारने तुझ्या आतड्याचा अभ्यास करूनच केली. असो.

थैलीच्या ह्या शस्त्रक्रियेचा इतिहास अलीकडचा आहे. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील ॲलन पार्क्स आणि जॉन निकल्स यांनी तिचे वर्णन १९७८ साली प्रसिद्ध केले. पोटावर आयुष्यभर पिशवी वागविण्यातून असंख्य तरुण माणसे तिने सोडविली. पण ओटीपोटाच्या तळाशी केलेल्या इतक्या खोल कामानंतर जखमा भरताना आतले अवयव एकमेकांस चिकटतात, आणि त्या गुंत्यात स्त्रीच्या गर्भनलिका सापडतात. बीज तयार होते, गर्भाशय निरोगी असते, मधली वाट तेवढी बुजते. २००६ साली अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून काढलेला एक हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात ह्या रोगाच्या स्त्रियांतील वंध्यत्वाचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वी शेकडा १५ तर नंतर शेकडा ४८ असे दिसून आले. पोट न उघडता दुर्बिणीने केलेल्या शस्त्रक्रियेत चिकटणे कमी होते, असे पुढे आढळले आहे. दैवाचा खेळ असा, की लुईझ ब्राउन ही जगातली पहिली ‘टेस्ट ट्यूब बेबी’ जन्मली तीही १९७८ सालीच आणि तीही इंग्लंडातच. तिच्या आईच्या गर्भनलिकाच बंद होत्या. म्हणजे एका हाताने जी वाट बुजण्याची भीती निर्माण झाली, तीच वाट वगळून जाण्याची युक्ती त्याच वर्षी दुसऱ्या हाताने दिली. आपल्याकडे त्याच सालच्या ऑक्टोबरात कलकत्त्याला डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने ‘दुर्गा’ जन्मली. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, आणि १९८१ साली त्यांनी आपले जीवन संपविले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून पहिले बाळ आले ते १९८६ साली.

ही माहिती आम्हांस आज आहे. प्रश्न असा, की ती केव्हापासून आहे.

दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी एका तरुण डॉक्टरने आम्हांस व्हरांड्यात बोलावून नीट समजावून सांगितले होते. ह्या शस्त्रक्रियेनंतर मूल होण्यास अडचण येऊ शकते. म्हणून काही जोडपी पिशवी आणखी काही वर्षे ठेवतात, मूल होऊ देतात आणि थैलीचे काम नंतर करवून घेतात. घाई कसलीच नाही, पत्नीशी बोला, तिच्या मनात काही शंका असली तर मी पुन्हा येऊन तिला सांगेन, असे तो म्हणाला. त्याने आपले कर्तव्य पुरते केले. आम्ही आत गेलो. तिने बहिणीकडून एक इरकली लुगडे मागवून उशाशी ठेवले होते. पिशवीमुळे वर्षभर निऱ्या पोटावर खोचता आल्या नव्हत्या, आणि अजून तीन महिने येणार नव्हत्या. तरी ती घडीवरून हात फिरवीत त्या दिवसाचे बेत करीत होती. आम्ही तिच्याशेजारी बसून दूध संपेपर्यंत थांबलो आणि काहीही बोललो नाही. सकाळी डॉक्टरने विचारले तेव्हा आम्ही म्हणालो, “आम्ही ठरविले आहे.”

तो ‘आम्ही’ एकवचनी होता.

आता ह्या कृत्याचे समर्थन आम्ही पुष्कळ दिवस मनाशी केले आहे, आणि ते लंगडे नाही. आजाराने थकलेल्या माणसावर नव्या चिंतेचा भार घालू नये, यात दया आहे. आमच्या आजोबांच्या पिढीत रुग्णास रोगाचे नावसुद्धा सांगत नसत, आणि ते सारे निष्ठुर नव्हते. शिवाय सांगितले असते तरी तिने बहुधा हाच निर्णय घेतला असता. हा शेवटचा मुद्दा आम्हांस सर्वांत सोयीचा वाटे, आणि तोच सर्वांत पोकळ आहे. दुसरा माणूस काय म्हणेल हे आपणांस पक्के ठाऊक असेल तर त्याला विचारण्यात धोका कसला? आम्ही विचारले नाही, कारण ठाऊक नव्हते. ती कदाचित म्हणाली असती, ‘थांबू या.’ आणि मग ती पिशवी आणखी चार-पाच वर्षे आमच्या अंथरुणात, आमच्या प्रवासात, आमच्या घरात राहिली असती. ती आम्हांस नकोशी झाली होती, हे आम्ही कधी उच्चारले नव्हते. पण दयेच्या मापात तेवढी भेसळ होती. द्यूतसभेत द्रौपदीने विचारले, की आधी कोण हरले, तुम्ही की मी? सभेतल्या धर्मज्ञांना त्याचे उत्तर देता आले नाही. युधिष्ठिराने तिला लोभाने पणास लावले, आम्ही मायेने. लावण्यापूर्वी दोघांनीही विचारले नाही, एवढे साम्य मात्र राहतेच.

हे उघडकीस आले तिरुचिरापल्लीच्या एका दवाखान्यात. रंगद्रव्य सोडून काढलेल्या क्ष-किरण चित्रात दोन्ही नलिका बंद दिसल्या. तेथील बाईंनी जुने कागद चाळीत सहज विचारले, थैली करण्यापूर्वी तुम्हांला याची कल्पना दिली नव्हती का? सौ. म्हणाली, “नाही.” आम्ही भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहू लागलो. परतीच्या गाडीत ती तंजावरपर्यंत काही बोलली नाही. तंजावर मागे पडल्यावर तिने खिडकीबाहेर पाहत विचारले, “तुम्हांला सांगितले होते ना?” आम्ही होय म्हणालो. कुंभकोणम येईपर्यंत मग कोणीच काही बोलले नाही. घरी आल्यावर तिने रोजच्यासारखा कुकर लावला.

आमची हकीगत ज्या दोन-चार स्नेह्यांस ठाऊक आहे, त्यांचा सल्ला बहुधा एकच असतो: जीव वाचला हे काय थोडे झाले? अधिकाची हाव कशाला? उपनिषदांनी पुत्रैषणेस वित्तैषणेच्या पंक्तीला बसविले आहे, याचीही आठवण एका विद्वान स्नेह्याने करून दिली. (त्यांस स्वतःला तीन आहेत.) कृतज्ञतेने इच्छेचे तोंड बंद करावे, हे आम्हांस पटत नाही. सावित्रीने यमाकडे सत्यवानाचे प्राण मागण्याआधी त्याच्यापासून शंभर पुत्र मागून घेतले, आणि तो वर खरा करण्यासाठी यमाला प्राण परत द्यावे लागले. तेथे संततीची इच्छा ही जगण्यानंतरची चैन नव्हती. जगणे परत आणण्याची ती वाटच होती. जो वाचला त्याने पुढे काही मागू नये म्हणणे, म्हणजे त्याने अर्धेच वाचावे असे म्हणणे होय. सौ.ने हेच फार थोड्या शब्दांत सांगितले: “मी रुग्ण म्हणून वाचले नाही, मी म्हणून वाचले.”

मामींचा उपाय निराळा होता. पापनाशमजवळ तिरुकरुकावूर नावाचे गाव आहे. तेथे गर्भरक्षांबिकेचे प्रसिद्ध देऊळ आहे. ह्या परगण्यात कुंभाचे माहात्म्य फार. आमच्या गावाचे नावच त्या घटावरून पडले, ज्यात प्रलयकाळी ब्रह्मदेवाने सृष्टीचे बीज जपून ठेवले आणि जो शंकराने बाणाने फोडला. तिरुकरुकावूरची कथाही घटाचीच आहे. निध्रुव ऋषींची पत्नी वेदिका हिचा गर्भ शापाने विस्कटला, तेव्हा देवीने तो एका दिव्य घटात वाढविला आणि पूर्ण झालेले मूल तिच्या हाती दिले. आपल्याकडच्या वाचकांस गांधारीचे तुपाचे घट आठवतील. देहाबाहेर गर्भ जपता येतो, ही कल्पना आपल्या लोकांस मुळीच परकी नव्हती. प्रयोगशाळेने घाबरविले असेल ते आम्हा कारकुनांस, आमच्या पुराणांस नव्हे.

तेथे मंत्रून दिलेले तूप अठ्ठेचाळीस दिवस थोडे थोडे घ्यावयाचे असते. आमचा नवसांवर फारसा विश्वास नाही, पण मामींचे मन मोडवेना म्हणून गेलो. तूप हाती देताना पुजाऱ्यांनी जे सांगितले त्याने आम्ही चमकलो: हे दोघांनी घ्यावयाचे. एकट्या बाईने नव्हे. तपासण्या, सुया, क्ष-किरण, चीर, टाके, सारे तिच्या वाट्याला आले होते. आमची तपासणी एकदा झाली आणि तीत दहा मिनिटे गेली. आणि येथे एका खेड्यातला देव आम्हांस प्रथमच सांगत होता, की तुम्हीही चमचा पुढे करा. अठ्ठेचाळीस दिवस आम्ही रात्री निजण्यापूर्वी ते तूप घेतले. विशेष काही झाले नाही. तुपाने तिची थैली तेवढी कुरकुरली.

दत्तकाचा विचार झालाच नाही असे नाही. तंजावरात मराठी माणसाने तो न करणे कठीणच. सरस्वती महालाच्या थंड दालनात उभे राहिले की आठवते, हा ग्रंथसंग्रह ज्याने वाढविला तो सरफोजी दत्तकच होता. तुळजाराजाने १७८७ साली त्याला मांडीवर घेतले. राजा वारताच तो दत्तक अशास्त्र ठरला आणि गादी अमरसिंहाकडे गेली. पुढे शास्त्रार्थच फिरला आणि १७९८ साली सरफोजी गादीवर आला. शास्त्र तेच, मुलगा तोच. आमच्या मते तंजावरच्या भोसल्यांत त्याच्याएवढा थोर राजा दुसरा झाला नाही. तेव्हा रक्ताच्या अभिमानाने आम्ही त्या वाटेस अडलो, असे कोणी समजू नये. पण ‘मग दत्तक घ्या की!’ असे लोक ज्या सुरात म्हणतात, तो सुर एका वस्तूऐवजी दुसरी आणण्याचा असतो. कोणाचे तरी मूल घरात आणावयाचे ते त्याच्यासाठी, आपल्या जखमेवरची पट्टी म्हणून नव्हे. आणि आमची जखम अजून ओली आहे, हे आम्ही जाणतो. तो दरवाजा आम्ही लावलेला नाही, एवढेच.

राहिली आयव्हीएफची वाट. नलिका बंद असल्या तरी तिला अडत नाही. गर्भ राहिला तर थैली असलेल्या स्त्रिया बहुधा सुखरूप बाळंत होतात; पुष्कळदा पोटावर शस्त्रक्रिया करून मूल काढावे, असा सल्ला देतात. केंद्र सरकारने २०११ साली ह्या उपचाराच्या खर्चाची प्रतिपूर्ती काही अटींवर, तीन खेपांपर्यंत, मान्य केली. तिजोरीने किती वेळा पैसे द्यावेत हे सरकारने ठरविले. एका देहाने किती वेळा सोसावे, ही संख्या कोणी ठरवावी?

झालेल्या चुकीतून आम्ही एक धडा घेतला होता, आणि तो फार उदात्त आहे अशी आमची समजूत होती. तो असा, की देह तिचा, म्हणून निर्णयही सर्वस्वी तिचा. ती जेव्हा जेव्हा विषय काढी तेव्हा आम्ही म्हणावयाचे, “तू म्हणशील तसे.” महिनाभर असे चालले. एके रात्री तिने भांडी घासता घासता हात थांबवला आणि म्हणाली, “आधी मला न विचारता ठरवलेत. आता सगळे माझ्यावरच टाकता. दोन्ही वेळा तुम्ही सुटलात.”

ह्या वाक्याने आमची झोप उडविली. दुसऱ्याच्या देहावर आपला हक्क नाही, हे खरेच आहे. पण त्या तत्त्वाच्या आड उभे राहून आपली इच्छा झाकणे, हा हक्काचा त्याग नसून जबाबदारीचा त्याग आहे. ‘तू म्हणशील तसे’ म्हणणाऱ्याच्या मनात काय आहे, हे ऐकणाराला ओळखावे लागते. ओळखून त्याप्रमाणे वागावे लागते. आणि उद्या यश न आले तर अपयशही तिचे. आम्ही तिला स्वातंत्र्य दिले नव्हते, तर अंदाज बांधण्याचे एक नवे काम दिले होते. तिला नकार देता यावा, यासाठी आधी आमची मागणी तिच्यापुढे उघडी हवी होती. न मागितलेल्या गोष्टीस नाही कसे म्हणावे? आणि ज्याची भीती कळलीच नाही, त्याला धीर तरी कसा द्यावा?

म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, महामहम् तळ्याच्या पायऱ्यांवर बसून, जे सात वर्षांपूर्वी व्हरांड्यातून आत येऊन बोलावयाचे होते ते आम्ही बोललो. आम्हांस मूल हवे आहे. तिला पुन्हा शस्त्रक्रियागृहात जाताना पाहण्याची भीती त्याहून मोठी आहे. ती पिशवी आम्हांस नकोशी होती, आणि म्हणून आम्ही गप्प बसलो. सांगताना वाक्ये धड जुळत नव्हती. टिपणाची भाषा तेथे उपयोगी पडली नाही. तिने सारे ऐकून घेतले. क्षमा केली, असे ती म्हणाली नाही. खूप वेळाने म्हणाली, “मलाही हवे आहे. पण किती हवे आहे, ते मला अजून मोजता आलेले नाही. आपण घाई करायची नाही.” बऱ्याच महिन्यांनंतर ‘आपण’ हा शब्द त्या दिवशी तिच्या तोंडी आला.

सध्या दवाखान्याचे संमतिपत्र आमच्या टेबलावर आहे. ते इंग्रजीत आहे. रोज रात्री जेवणे झाल्यावर त्यातला एक परिच्छेद आम्ही मोठ्याने वाचतो आणि मराठीत सांगतो. बोजड शब्द आला तर तसाच पुढे रेटीत नाही. पहिले पान दोन दिवसांत झाले. दुसऱ्या पानावर बीजकोष सुजण्याच्या धोक्याविषयी मजकूर आहे, तेथे तिने थांबविले आणि विचारले, की ज्यांच्या पोटात आधीच चिकटलेले आहे त्यांना हा धोका अधिक का? आम्हांस उत्तर देता आले नाही. तिने पेन्सिलीने समासात प्रश्नचिन्ह केले आहे. अशी प्रश्नचिन्हे आतापर्यंत पाच झाली आहेत. ती घेऊन पुढल्या शनिवारी तिरुचिरापल्लीस जावयाचे ठरले आहे. शेवटच्या पानावर दोन सह्यांची जागा आहे. तेथपर्यंत अजून आम्ही पोहोचलेलो नाही.